रेडिओ सुरू असताना

रेडिओवर जुनं गाणं लागलेलं असताना तोंड उघडणाऱ्याला सरळ जन्मठेप द्यावी, असं मनापासून मानणारा एकच माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात होता आणि तो नेमका माझा साडू निघाला. पवनीत त्यांचं किराणा दुकान. सिनेमात मारामाऱ्या वाढल्या आणि गाण्यांतला जीव गेला, ही गोष्ट त्यांनी कुणीतरी घरात शिरून आपला अपमान करावा तशी मनाला लावून घेतली होती. निवेदक गाण्याच्या शेवटच्या ओळीवर बोलला की ते रेडिओशीच भांडत, "काहून बे, तुह्या लग्नाची घाई आहे काय?" गाणं सुरू असताना कुणी साखर मागितली, तर ती गाणं संपल्यावर मिळे, आणि तीही अशा नजरेनं की गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसरं दुकान गाठी. ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या मोठ्या बहिणीनं, गाण्यांच्या वेळात फोडणी देणंच सोडलं होतं. मग जेवायला उशीर झाला म्हणून चिडायचे तेही हेच.

त्यांच्या मुलीला, कुंदाला, पाहायला दिघोरीचे पाहुणे आले, तेव्हा मी तिथंच होतो. मुलाचे वडील धानाची शेती करणारे, मोकळ्या स्वभावाचे. पोह्यांच्या बशा हातात असतानाच साडूंचं सगळ्यात लाडकं गाणं लागलं. साडूंनी डोळे मिटले आणि मुलाच्या वडिलांनी मांडीवर ताल धरून गायला सुरुवात केली. सूर एकीकडे, शब्द भलतीकडेच. साडू उठले, त्यांनी रेडिओ बंद केला आणि म्हणाले, "आता तुमीच गा. दोघायची गरज नाई."

पाहुणे उठून चपला शोधू लागले. दाराआड उभ्या असलेल्या कुंदाचा चेहरा पाहवत नव्हता. ताई बाहेर आल्या, हात जोडून त्यांनी पाहुण्यांना बसवलं, रेडिओ पुन्हा लावला आणि नवऱ्याला शांतपणे म्हणाल्या, "तुमी मांगं विहिरीपाशी जाऊन बसा. पोरगी माही बी आहे."

साडू गेले. मीही मागोमाग गेलो. असल्या बेसूर घरात मुलगी द्यायची म्हणजे तिला विहिरीत लोटण्यासारखं आहे, असं ते बराच वेळ धुमसत बोलत होते. मग आतून हसण्याचा आवाज आला आणि ते थांबले.

"मोडलं काय?" त्यांनी हळूच विचारलं.

जमलेलं दिसतंय, असं मी सांगितलं.  तसे ते म्हणाले, "त्यायच्या घरी रेडिओ नाई म्हणते."

लग्नात त्यांनी आपला रेडिओ कुंदाला देऊन टाकला. हल्ली ऐकण्यासारखं उरलंय काय, म्हणून दुसरा घेतला नाही. पण दुकान बंद असेल त्या दिवशी बस धरून ते दिघोरी गाठत. व्याही गात, हे तणतणत, आणि परतल्यावर मला बोलावून सगळी तक्रार पुन्हा ऐकवत. अशी कितीतरी वर्षं गेली. मग जाता कायले, असं एकदा मी विचारलं, तर म्हणाले, पोरीले भेटाले.

पुढे व्याही वारले. तेरावं झाल्यावर काही दिवसांनी मी साडूंबरोबर दिघोरीला गेलो. वडिलांना बरं वाटावं म्हणून कुंदानं रेडिओ लावला. जुनं गाणं लागलं. ते संपेपर्यंत घरात कुणीही बोललं नाही.  मग साडू रागानंच म्हणाले, "आज पुरं गाणं ऐकू आलं. काई मजा नाई आली."