पाण्याला सोडलेली बाग

जळगाव जामोदच्या नाल्याकाठची ती खोलगट बाग सिंधूताईच्या देखरेखीखाली होती. एरवी तिथं पोरं खेळत, म्हातारे गप्पा मारत बसत. सातपुड्यात जोराचा पाऊस झाला, की नाल्याच्या भिंतीतलं लोखंडी दार चाक फिरवून उघडायचं आणि लोंढा बागेत घ्यायचा. म्हणजे खालची वस्ती वाचे. बाग होण्याआधीच्या पुरात तिचा नवरा पुंजाजी त्याच वस्तीतून, घराच्या उंबऱ्यावरून वाहून गेला होता. त्याचं प्रेत तिनं स्वतः बाभळीच्या काट्यांतून सोडवलं होतं.

त्या श्रावणात एका दुपारी बागेत सत्काराचा मंडप घातला होता. डोंगर काळा झाला, बघता बघता नाला फुगला. सिंधूताईनं आरडाओरडा करून सगळ्यांना वरच्या रस्त्यावर काढलं. मंडपवाला कुलदीप तेवढा चाकापाशी आडवा उभा राहिला.

"दार खोलू नको, सिंधूताई. माझा सारा साउंड अंदर आहे."

"पाणी वस्तीत घुसून राह्यलं, कुलदीप! बाजूले हो!"

"घुसू दे. मी काऊन बुडू?"

तिनं चाकाला हात घातला, तोच मंडपाचा लोखंडी पाइप तिच्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज तिला पावसातही ऐकू आला. दुसरा घाव खांद्यावर. ती चिखलात पडली, तशी त्यानं पोटात लाथ घातली. खालून बायकांच्या किंकाळ्या येत होत्या. तिला पुंजाजीचं फुगलेलं तोंड दिसलं आणि भीती जाऊन नुसता संताप उरला. हाताशी आलेलं फावडं तिनं त्याच्या गुडघ्यावर हाणलं. तो कोसळला. तिनं धड राहिलेला हात आणि छाती लावून चाक फिरवलं.

कुलदीप लंगडत सामानाकडे उतरला.

"वर ये बे! मरशीन!" ती ओरडली.

लोंढ्यानं मंडप उपटला आणि त्याला झोक्याच्या खांबावर आपटलं. रस्त्यावरच्या लोकांनी दोर टाकून त्याला वर ओढलं, तेव्हा त्याचा जबडा फुटला होता आणि बरगड्या मोडल्या होत्या.

दवाखान्यात त्याची आई अन्नपूर्णाबाई सिंधूताईच्या खाटेशी आली. "पोरगं आहे माझं. पोलीस केस वापस घे."

"तो जगला, बरं झालं, बाई. पण केस राहीन."

अन्नपूर्णाबाई शिव्या देत, थुंकून निघून गेली.

वस्तीतल्या काही भिंती पडल्या. माणूस एकही गेला नाही. सिंधूताईचं मनगट वाकडंच जुळलं. आता पावसाळ्यात चाकापाशी ती आणि आणखी एक जण, असे दोघं असतात. कुलदीप समोरून आला, की तिचा दुसरा हात अजून त्या मनगटावर जातो. ती रस्ता बदलत नाही.