चारचा आकडा

अकोल्यातल्या एका लहानशा लॅबमध्ये माया चौदा वर्षं रक्त तपासत होती. माणसाच्या तोंडापेक्षा तिचा भरवसा कागदावर. कोणी म्हटलं बरं वाटतंय, की ही म्हणणार, थांबा, आधी रक्त काय म्हणते ते पाहू. आणि खरं सांगायचं तर तिचं सहसा चुकत नसे. तिथंच सगळा घोळ झाला.

फेब्रुवारीत तिच्या वडलांना, बार्शीटाकळीच्या देवरावांना, हार्ट अटॅक आला. हे रिटायर लाइनमन, अर्धं आयुष्य विजेच्या खांबावर गेलेलं. छातीत जळजळतंय म्हणून गडी दीड दिवस सोडा पीत घरीच बसला. दवाखान्यात नेईस्तोवर हृदयाचा बराच भाग कामातून गेला होता. तिसऱ्या दिवशी मायानं स्वतःच्या हातानं त्यांचं सीआरपी लावलं. अंगात दाह किती आहे, ते सांगणारी ही तपासणी. पाचाच्या आत पाहिजे, आला एकशे बासष्ट. डॉक्टर म्हणाले, इतका दाह म्हणजे इजा मोठी आहे, हृदय पुढं फुगत, सैल पडत जाऊ शकतं. गोळ्या चुकवू नका आणि सहा आठवड्यांनी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, कराच.

सहा आठवड्यांनी तिनं पुन्हा रक्त लावलं. आकडा आला चार. मायाला रडूच कोसळलं.

"बाबा, रक्त साफ झालं," ती म्हणाली. "आता भेव नाही."

इकोची तारीख नेमकी घरच्या लग्नात आली, ती पुढं ढकलली. डॉक्टरांना एक फोन करावा, एवढंही या शहाण्या बाईला सुचलं नाही. दाह विझला, एवढंच तो चार सांगत होता. मागं राहिलेल्या हृदयाची त्याला काय खबर? देवरावांनी तर लेकीच्या शब्दावर गोळ्याच बंद केल्या. शेजाऱ्यांची वायर जोडायला शिडीवर चढू लागले. मायाला यातलं काही सांगितलं नाही.

जूनमध्ये आडवं पडलं की दम लागायचा, झोपायला त्यांना तीन उशा लागू लागल्या. सुजलेला पाय चपलेत मावेना. मायानं त्यांना अमरावतीला नेऊन इको करवला. हृदय ताणून मोठं झालं होतं, जोर निम्म्याहून कमी उरला होता. तिथले डॉक्टर म्हणाले, आत्ताच्या आत्ता भरती करा, घरी नेलंत तर माझा भरवसा नाही.

देवराव शर्टाची बटणं लावत उठले.

"मशीन बिघडली असन तुमची," ते म्हणाले. "माह्या पोरीनं सोता तपासलं. ते कधी चुकत नाही."

"बाबा, मी चुकली," माया म्हणाली. "पाया पडतो तुमच्या, भरती व्हा."

देवरावांना हसू आलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले, "मले इथं ठेवासाठी खोटं बोलून राहिली तू." मग भिंत धरत, दर दोन पावलांवर थांबत, ते दाराकडं निघाले.