एकाच जागी तुटलेली दोरी

तमिळनाडूतल्या करूरला अमरावती नदीचं पाणी ओसरलं की शेजारची मरुदायी अक्का लाकडी परात घेऊन वाळू धुवायला बसायची. सोनारआळीतून वाहून आलेले सोन्याचे कण आणि प्राचीन चेर राजांची तांब्याची नाणी, त्यावर तिचं घर चालायचं. नाण्यावर एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला धनुष्यबाण. मरुदायीला सापडलंय म्हटलं की घेणारे पुढे काही विचारत नसत.

त्या वर्षी पोंगलनंतर नदीच्या वळणापाशी तिला नाणीच नाणी सापडू लागली. आधी ती हरखली. मग एका दुपारी तिनं मला हाक मारली.

"हे बघ. सगळ्या धनुष्यांची दोरी एकाच जागी तुटलीय."

"ठसा एकच असेल, अक्का."

"ठसा एक असला तरी घाव दर वेळी सारखाच बसतो का? हत्तीची सोंडसुद्धा सगळीकडे तेवढीच कापलीय."

कुणीतरी एकाच साच्यातून खोटी नाणी ओतून नदीत पेरत होतं. तिचा पहिला संशय दिरावर, नाच्चिमुत्तूवर. तो पितळेचं ओतकाम करायचा. त्याला जेवायला वाढताना ती त्याच्या बोटांकडे बघत राहायची.

"वहिनी, माझ्या हाताला काय लागलंय?"

"धुतलेत का, ते बघतेय."

दुसऱ्या दिवशी ती मुद्दाम वळण सोडून वरच्या अंगाला बसली. संध्याकाळी घरी आली, तर नवरा सेल्लप्पन दारातच.

"आज वळणापाशी का नाही बसलीस?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

तिनं परात खाली ठेवली आणि त्याच्याकडे नुसती बघत उभी राहिली. शेवटी तोच बोलला. भाऊ नाणी ओतायचा, हा पहाटे नेऊन पुरायचा.

"तुला खोटं बोलावं लागलंच नाही ना," तो म्हणाला. "तुला तर ती खरंच सापडली."

ती रात्र तिनं आमच्या ओसरीवर काढली. सकाळी नाणी विकत घेणाऱ्या वेलुच्चामीकडे जाऊन तिनं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, आणि तिच्याकडून आधी घेतलेली खरी नाणीसुद्धा परत केली.

त्यानंतर तिचं नाणं कुणी घेतलं नाही. अक्का आता नुसते सोन्याचे कण शोधते. नवऱ्याला वेळेवर जेवायला वाढते, पण तो नदीकडे निघाला की हातातलं काम टाकून मागोमाग जाते.