मोठ्या अक्षरांची पुस्तकं

मार्च लागला की आमच्या घरात मला जेवण वेळेवर मिळत नाही. कारण सुमतीबाई पुस्तकं वाचत असतात. सुमतीबाई म्हणजे माझी बायको. अख्खं गाव तिला बाई म्हणतं, म्हणून चारचौघांत मीही बाईच म्हणतो. घरात काय म्हणतो ते इथं सांगण्यासारखं नाही. मी नरहरराव, तहसील कचेरीत जन्म घालवून निवृत्त झालेला माणूस. मला राग लवकर येतो असं ती सगळ्यांना सांगत सुटते. साफ खोटं आहे. राग येतो, पण कारणाशिवाय येत नाही.

आमचं गाव मुडबीच्या पलीकडं, सीमेलगत. नाव सांगत नाही. सांगितलं की लोक विचारतात, ‘म्हणजे तुम्ही नक्की कुठले, कर्नाटकातले की महाराष्ट्रातले?’ आणि माझं डोकं फिरतं. अहो, आम्ही घरात मराठी बोलतो, बाजारात कन्नड बोलतो आणि बसमध्ये जागेवरून भांडायचं झालं तर दखनी उर्दू बोलतो. आमचं काही अडत नाही, तुमचं का अडावं?

सुमती गावच्या मराठी शाळेत शिकवते. माहेर उमरग्याचं. बाजारात वांग्याचा भाव करताना तिचं कन्नड ऐकाल तर वाटेल ही बाई कन्नडातच जन्मली. पण तिचं वाचण्याचं कन्नड नोकरीच्या परीक्षेपुरतं, आणि पुढं शाळेत येणाऱ्या परिपत्रकांपुरतं. गंमत म्हणून, जिवाला बरं वाटावं म्हणून तिनं कन्नड कधी वाचलं नव्हतं. मीही नाही. मी तर जन्मभर नुसते अर्ज वाचले.

तिचा एक रिवाज आहे. पाचवी पास होणाऱ्या प्रत्येक पोराला निकालाच्या दिवशी ती एक पुस्तक देते, उन्हाळ्यात वाचायला. जूनमध्ये पोरानं ते परत आणायचं आणि ओट्यावर बसून गोष्ट सांगायची. नियम एकच, पण कडक. स्वतः पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचल्याशिवाय पुस्तक पोराच्या हातात द्यायचं नाही. लातूरच्या दुकानात ती उभ्याउभ्या एवढं वाचते की दुकानदार शेवटी कंटाळून स्टूल आणून देतो. मी बाहेर उसाचा रस पीत बसतो.

आणि पुस्तक चांगलं आहे, एवढं तिला पुरत नाही. कुणासाठी चांगलं, ते आधी ठरायला हवं. शिवय्याचा पोरगा वर्गात तोंडातून शब्द काढत नव्हता, तर त्याला तिनं नकला करणाऱ्या एका माणसाचं पुस्तक दिलं. गंगव्वाच्या नातीची आई त्या वर्षी गेलेली. मी म्हणालो, “अगं, तिला काहीतरी हसरं दे.” हिनं नेमकं आई गेलेल्या पोरीचंच पुस्तक काढलं. मी चिडलो. हिनं ऐकलं नाही. जूनमध्ये ती पोर ओट्यावर आली, पुस्तक पोटाशी धरून म्हणाली, “बाई, अजून थोडं दिवस ठिवू का?” मी आत जाऊन पाणी प्यालो. असो.

तर यंदाची गोष्ट. पोरं कमी झाली म्हणून आमच्याकडची सहावी आणि सातवी बंद झाली. पाचवी झालेल्या पोरांनी आता सहावीला सडकेवरच्या गावात, कन्नड शाळेत जायचं. सुमतीला वाटलं, मग उन्हाळ्यात मराठी पुस्तकं देऊन काय उपयोग? पोरांचा हात कन्नडात बसायला हवा. गेली कलबुर्गीला. या खेपेला मात्र स्टूल लागलं नाही. पुस्तक उघडायची, अक्षर किती मोठं आहे ते बघायची, जोडाक्षरं कमी आहेत का बघायची आणि बाजूला ठेवायची. वांगी निवडावीत तशी निवडली. अर्ध्या तासात आम्ही परतीच्या बसमध्ये होतो, आणि मी मूर्ख, खूश होतो.

निकालाच्या दिवशी पोरं पुस्तकं घेऊन गेली. चारपाच दिवसांनी तुळजा ओट्यावर हजर.

तुळजा म्हणजे इरप्पा धनगराची पोर. इरप्पाच्या आजोबांची मेंढरं होती. इरप्पाकडं थोडी कोरडवाहू जमीन, आणि ती पुरत नाही म्हणून कोळारच्या कारखान्यांच्या वसाहतीत, एका गोदामात हमाली. शनिवारी रात्री घरी येतो, सोमवारी पहाटे जातो. पोर मात्र तिखट. मराठी धडा वाचायला उभी राहिली की शेजारच्या वर्गातली पोरं गप्प बसतात, असं सुमती सांगते.

“झालं का गं वाचून?” सुमतीनं विचारलं.

“झालं की. हत्ती अंघुळ करायलाय.”

“मग पुढं?”

“पुढं अंग पुसायलाय. मग झोपायलाय. संपलं.” तुळजानं पुस्तक ओट्यावर ठेवलं. “बाई, मी काय बाळ हाय व्हय?”

मला हसू फुटलं. सुमतीनं माझ्याकडं असं पाहिलं की मी वर्तमानपत्र तोंडापुढं धरलं.

“अगं, कन्नड अक्षरं नीट यावीत म्हणून दिलं ते,” सुमती म्हणाली.

“व्हय, पण पुढच्या शाळेतलं सहावीचं पुस्तक बघितलं मी. ते वाचाय येईना. अन् जे वाचाय येतंय ते असलं.” मग तिनं सरळ बाईंच्या तोंडाकडं बघत विचारलं, “तुम्ही वाचलाव का हे, बाई?”

सुमतीनं ते पुस्तक उचलून मांडीवर घेतलं. पोर निघून गेली.

त्या रविवारी इरप्पा आला. ओट्यावर चढला नाही, खालीच उभा राहिला. म्हणाला, “बाई, पोरीच्या पुस्तकाचं मनावर घेऊ नका. तिला सहावीला न्हाई घालायलो मी. तिची माय रानात जाती, घरात बारकं पोरगं हाय. त्याला बघंल.”

“इरप्पा, अरे वर्गात पहिली येणारी पोर ती!”

“तुमच्या वर्गात, बाई. मराठीत.” त्यानं खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. “मी बी मराठीतनं कन्नडात गेल्तो, सहावीलाच. मास्तरनं उभं केलं, म्हणाले वाच. मी आडखळलो. सगळा वर्ग हसला. अजून कानात हाय ते हसणं. दुसऱ्या दिवशी मेंढरामागं गेलो ते गेलोच. आता गोदामात पोत्यावरचं कन्नड नाव बी दुसऱ्याला इचारतो मी. पोरीला हसलेलं मला बघवायचं न्हाई.”

‘शिक्षण महत्त्वाचं आहे’ वगैरे भिंतीवर कन्नडात लिहिलेलं असतं, ते इरप्पाला वाचता येत नाही. माझा राग सुद्धा कुठं बसावा ते मला कळेना.

त्या दिवशी सुमती जेवली नाही. मी दोनदा बोलावलं. तिसऱ्यांदा ओरडलो, तर म्हणाली, “अहो, मी न वाचता पुस्तक दिलं हो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मराठीत पोर अकरा वर्षांची, आणि कन्नडात मी तिला तीन वर्षांची करून टाकली. तिचं वय बघितलंच नाही, नुसती अक्षरं बघितली.” आणि रडायला लागली. बायको रडायला लागली की मला दुसऱ्या कुणावर तरी ओरडावंसं वाटतं. पण तिथं होतं कोण? मीच.

म्हणून मी मदतीला धावलो. कन्नड काय, माझ्या हातचा मळ! बसवकल्याणच्या वाचनालयात ओळख होती, तिथून चांगला जाडजूड ग्रंथ घेऊन आलो. सुमतीनं चाळला. “अहो, यात जमीनमहसुलाची पद्धत आहे.” मी म्हणालो, “मग? ज्ञान आहे.” तिनं तो माझ्याच उशाशी ठेवला. तेव्हापासून पुस्तकनिवडीच्या बाबतीत मी कानाला खडा लावला आहे.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः गेली आणि वाचनालयातून पिशवी भरून आणली. मग सुरू झालं तिचं वाचन. ओळीखाली बोट, ओठ हलतायत, मध्येच मला हाक, “अहो, हा शब्द काय?” मी सांगायचो. अर्धे शब्द मलाही येत नव्हते. ते अर्जात कधी येत नाहीत ना! एक पुस्तक उपदेशाचं निघालं, ते बाजूला. एकातली पोरं शहरातली, सारखी वाढदिवस करणारी, तेही बाजूला. मग एक हाती लागलं. नदीवर नाव चालवणाऱ्या माणसाची पोरगी. एक दिवस बाप घरी येत नाही, आणि पलीकडच्या काठावर माणसं खोळंबून हाका मारतायत. पोरगी नावेत चढते.

तिथं सुमती थांबली. दूध उतू गेलं तरी उठली नाही. “हेच तुळजाचं,” ती म्हणाली.

पण एका पानाला तिला अख्खी सकाळ लागायची. असं वाचून संपवायचं तर दिवाळी आली असती, आणि शाळा तर जूनच्या तोंडावर. मी म्हणालो, “मोड की तो नियम.” ती म्हणाली, “नाही मोडणार.” आणि तुळजाला बोलावून आणलं. म्हणाली, “हे मी वाचलेलं नाही. पुढं काय होतं ते मलाही माहीत नाही. आपण दोघी मिळून वाचू.”

मग आमच्या माजघरात, शहाबादी फरशीवर, रोज दुपारी हा कारखाना चालू झाला. अक्षराच्या पायाशी लोंबणारी ती कन्नड जोडाक्षरं सुमतीला ओळखता यायची, पण वाक्यात जीव येत नसे. तुळजाला अक्षरं दगा द्यायची, पण बोलीतलं कन्नड तिच्या कानात लहानपणापासूनचं. सुमती शब्द फोडून द्यायची आणि तुळजा तो माणसाच्या तोंडात घालायची. एकटीला दोघींपैकी कुणालाच ते पुस्तक झेपलं नसतं. तिथंच तुळजाचं बारकं भावंड कुरडईचे तुकडे चघळत बसायचं. ते सांभाळायचं काम कुणाकडं आलं हे मी सांगायला नको.

मे संपत आला. एका रविवारी इरप्पा पोरीला न्यायला आला, दारातच थबकला. आत गोष्ट ऐन रंगात. नदीला पाणी चढलंय, नाव कललीय, पोरगी ओरडतेय. वाचायची पाळी सुमतीची. आणि सुमती एका सुरात, शब्द शब्द तोडून वाचतेय.

तुळजा खो खो हसत सुटली. “बाई! पोरगी बुडायलीय अन् तुम्ही हजेरी घ्यायलाव!”

इरप्पा भडकला. इतका तांबडा झालेला मी त्याला कधी बघितला नव्हता. “तुळजे! बाईला हसतीस? हसतीस माणसाला?” तो आत आला, पोरीचा दंड धरला.

“अरे, सोड तिला,” सुमती म्हणाली. ती स्वतःच हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. “खरंच हजेरीसारखं वाचलं रे मी. थांब, परत वाचते.”

आणि तिनं ते वाक्य परत वाचलं. परत अडखळली. तुळजा परत हसली. सुमतीनं तिसऱ्यांदा वाचलं, आणि पुढचं वाक्य घेतलं.

इरप्पाच्या हातातून पोरीचा दंड सुटला. तो बाईंच्या बोटाकडं बघत राहिला. “बाई, तुम्हाला काईच वाटत न्हाई का ओ?”

“वाटतं की. लाज वाटते,” सुमती म्हणाली. “पण ती पोरगी नदीत आहे ना अजून. तिला तिथं सोडून कशी उठू?”

इरप्पा दाराजवळ उकिडवा बसला. पोरगी काठाला लागेपर्यंत उठला नाही. जाताना त्यानं बारकं पोरगं कडेवर उचललं. मी तोंड उघडणार होतो, सुमतीनं माझ्या पायावर पाय दिला.

शाळा सुरू झाल्यावर सोमवारी तो कोळारला गेला नाही. खाडा करून तुळजाला घेऊन सडकेवरच्या शाळेत गेला. सोबत आम्ही दोघं. नाव घातलं, पोर वर्गात गेली. आम्ही तिघं बाहेर लिंबाखाली उभे. इरप्पा बसेना. थोड्या वेळानं वर्गातून हसण्याचा मोठा आवाज आला. इरप्पाचा चेहरा पांढराफटक. तो दोन पावलं खिडकीकडं गेला आणि तिथंच खिळला. सुमतीनं माझं मनगट धरलं होतं, ते दुखायला लागलं, पण मी सोडवलं नाही.

सुटीत तुळजा बाहेर आली. इरप्पा तिच्यापुढं गुडघ्यावर बसला.

“तुला हसले का गं?”

“व्हय. हसले की.”

“मग?”

“मग काय, अप्पा? त्येंचं हसून झालं. मी पुढचं वाचलं.” आणि ती पाणी प्यायला नळाकडं पळाली.

इरप्पा तसाच गुडघ्यावर राहिला. मग त्यानं खांद्यावरचा टॉवेल तोंडात कोंबला आणि एवढा मोठा, मिशाळ माणूस हुंदके देऊन रडायला लागला.