हळदीकुंकवाची गोष्ट

खळ घातलेल्या साडीवर इस्त्री फिरली, की त्या वासाने मला आयर्लंडमधल्या लिमरिकचा तो हॉल आठवतो. तिथलं मराठी मंडळ दरवर्षी एका तरुणीला संस्कृतिदूत म्हणून निवडायचं. मग शाळांमधून, मेळ्यांमधून वर्षभर तीच आमच्या वतीने बोलायची. त्या वर्षी मी आणि माझी रूममेट, दोघीही उभ्या होतो. हॉलमध्ये हीटरची कोरडी ऊब होती, चहाचा मसाला दरवळत होता. भाषणासाठी आधी तिचं नाव पुकारलं. "माझे बाबा गेले, त्याच संक्रांतीला आईने गल्लीतल्या सगळ्या विधवांना बोलावून हळदीकुंकू केलं," ती म्हणाली. गोष्टीतली ती आई माझी होती. आदल्या संध्याकाळी मीच रूममेटला हे भाषण म्हणून दाखवलं होतं. तिच्या बाबांशी तर मी सकाळीच व्हिडिओ कॉलवर बोलले होते. बायका डोळे पुसत होत्या. माझी पाळी आली तेव्हा मी नुसतं नाव-गाव सांगून खाली उतरले. निवड तिचीच झाली. तिने येऊन मिठी मारली. "चिडलीस? अगं, तू रडलीच असतीस. मी सांगितलं तर ग्रँड झालं ना?" आई अजून फोनवर विचारते, "तिथल्या लोकांना आवडली का गं माझी गोष्ट?" खूप आवडली, म्हणते मी. ती कुणाची आई म्हणून आवडली, ते मात्र सांगवत नाही.