देवाचा मेंढा

आमच्या टोळीत दैवशालाएवढी हट्टी बाई दुसरी नाही. हे मी सांगते आहे, जिला सासरी-माहेरी सगळे हेकट म्हणतात. मी संघप्रिया. पूर्णेत शाळेवर शिकवते, आणि शाळा सुटली की मोबाइलवर ‘सप्तदुर्ग’ खेळते. किल्ले, राक्षस, जादूटोणा असा तो खेळ, आणि देशोदेशीची माणसं तो एकाच वेळी खेळत असतात. त्यात आम्हा परभणी जिल्ह्यातल्या काही जणांची टोळी आहे, ‘पूर्णाकाठ’ नावाची. टोळीचा म्होरक्या हरिओम, परभणीत शेतकी शिकणारा पोरगा. खेळात पक्का आणि तोंडाने फटकळ.

या खेळाला ऋतूंचे सण आहेत. सुगीला पीकसण, थंडीत हिमसण, ऊन तापलं की अग्निसण. सण आला की खेळातलं अख्खं राज्य सजतं आणि टोळ्यांची चढाओढ लागते. हिमसणात प्रत्येक टोळीने एक पांढरा मेंढा वाढवायचा. त्याला वेळच्या वेळी कुरणात न्यायचं, लांडग्यांपासून राखायचं, आणि शेवटच्या दिवशी वाजतगाजत राजाच्या कळपात सोडायचं. ज्यांचे मेंढे सरस ठरतील त्या टोळ्यांना वर्षभर राहायला किल्ला मिळतो. गेल्या वर्षी आम्हाला मिळाला होता आणि त्याचा आम्हाला भारी तोरा होता.

मेंढा वाढवायचं काम अर्थात दैवशालाकडे. ती वालूरची, खरोखरची मेंढरं राखणारी. दिवाळी झाली की ती आणि नवरा बालाजी कळप घेऊन घर सोडतात. कुणाच्या मोकळ्या रानात मेंढरं बसवायची, लेंड्यांच्या खताच्या बदल्यात जोंधळे घ्यायचे आणि पुढचं गाव धरायचं. बिऱ्हाड घोड्यावर, आणि त्या बिऱ्हाडावर मोबाइलपुरती सोलरची पाटी बांधलेली. रानात सोबतीला बालाजी आणि दोन कुत्री. त्यातल्या त्यात कुत्री जास्त बोलतात. त्यामुळे संध्याकाळी टोळीतल्या आम्हा बायकांशी मोबाइलवर होणाऱ्या गप्पा म्हणजे तिचा शेजार, तिचं माहेर, सगळं तेच.

“ताई, दिसभर मेंढरायसंगं बोलायले,” ती म्हणायची. “आता जरा माणसाचा आवाज ऐकू द्या.”

या हिमसणात तिने असा मेंढा वाढवला की दुसऱ्या टोळ्यांचे लोक बघायला यायचे. हरिओम तर हवेतच होता. आणि सण सरत आला असताना खेळाने तिला भेट म्हणून पिवळ्या रंगाची पुडी दिली.

आता पिवळी पुडी हातात आल्यावर धनगराची लेक काय करणार? यांच्या कळपात पहिला देखणा मेंढा खंडोबाच्या नावाने सोडतात. त्याच्या कपाळाला भंडारा लावला की तो देवाचा झाला. त्याला विकायचं नाही, कापायचं नाही, तो म्हातारा होऊन मरेपर्यंत कळपाच्या पुढे चालतो. दैवशालाने मोबाइलमधल्या मेंढ्याच्या कपाळाला पिवळा रंग लावला. खेळाने विचारलं, खात्री आहे का? तिने ‘हो’ दाबलं. भंडारा लावताना कुणाला खात्री नसते?

खेळाचा नियम असा, की रंगवलेलं जनावर कायमचं त्या खेळाडूचं होतं. मग ते राजाच्या कळपात देता येत नाही.

हरिओमने सगळ्या टोळीसमोर तिची खरडपट्टी काढली. ती ऐकून घेत राहिली. शेवटी तो जरा निवळला आणि म्हणाला, “माझ्याकडं रंग धुवायचा दगड हाय, जपून ठेवलेला. पाठवतो. रंग धू आणि मेंढा जमा कर. विषय संपला.”

दगड आला. ती म्हणाली, “दादा, धुवायचा न्हाई मला.”

“का म्हणून?”

“लावलेला भंडारा पुसतेत व्हय कुणी?”

“अगं, त्यो रंग हाय. चित्रातला मेंढा हाय त्यो!”

“चित्रातला असू द्या. लावताना म्या मनापासून लावलाय.”

हरिओम भडकला. “मग ऐक. तुझ्यापायी किल्ला गेला तर तू टोळीच्या बाहेर.”

टोळीबाहेर म्हणजे आमच्या संध्याकाळच्या गप्पांच्याही बाहेर. मी तिला वेगळा फोन लावला. आमच्या घरात देवाला काही सोडायची रीत नाही. आम्ही बुद्धवंदना म्हणणारी माणसं. मी तिला मास्तरकीच्या सुरात समजावलं की बाई, खंडोबा काही मोबाइल बघत बसलेला नाही. ती म्हणाली, “त्येनं न्हाई बघितलं तरी म्या बघितलंय ना ताई.” मला तिचा राग आला आणि त्याहून जास्त अभिमान वाटला.

तिने हरिओमचा दगड परत पाठवला आणि नवं कोकरू घेतलं. सण संपायला थोडेच दिवस उरले होते. इतक्यात मेंढा तयार होत नसतो, हे टोळीतलं शेंबडं पोरही सांगेल. पण ही बाई इरेला पेटली. त्यांचा मुक्काम तेव्हा पोखर्णीच्या पुढे होता आणि रानात रेंज नव्हती. रेंज मिळायची ती कालव्याच्या भरावावर. मग कोकराला चारायची वेळ झाली की ती कळप बालाजीवर सोपवायची, ढेकळं तुडवत भरावावर चढायची, उभ्या उभ्या कोकरू चारायची आणि पळत परत यायची. तीन दगडांच्या चुलीवर भाकरी टाकलेली असायची, ती करपायची. बालाजी करपलेली भाकरी मुकाट खायचा. एकदा मात्र तो बोलला. “लांडगे लय हायेत का तिकडं?” त्याने विचारलं. ती ‘हो’ म्हणाली. पुढच्या वेळी तो काठी घेऊन तिच्यासोबत भरावावर गेला. काठीचा खेळात काय उपयोग, ते त्यालाच ठाऊक. हे तिने मला हसत हसत सांगितलं आणि मी मात्र डोळे पुसले.

शेवटच्या दिवशी त्यांना मुक्काम हलवावा लागला. ती घोड्याचा कासरा एका हातात आणि मोबाइल दुसऱ्या हातात धरून चालत राहिली, आणि रेंज लागली तिथे थांबून तिने नवा मेंढा जमा केला. मेंढा तब्येतीने बरा होता, पण पहिल्याच्या निम्म्यानेही नव्हता.

निकाल लागला. एका जागेने आमचा किल्ला गेला.

दैवशालाच म्हणाली, “दादा, तुमी बोलल्यापरमाणं काढा मला. माझं काय म्हणणं न्हाई. तायांनो, चलते मी.” आवाज जराही हलला नाही. मी हरिओमला चार शब्द सुनवायला तोंड उघडलं होतं.

“थांब,” हरिओम म्हणाला. “आता अग्निसण येतोय. त्यात बी मेंढाच वाढवायचाय, अन् त्याला बी किल्ला हाय. किल्ला परत घ्यायचाय का न्हाई आपल्याला?”

“घ्यायचाय की.”

“मग कोण वाढवणार? मी?”

“तुमच्यानं कोंबडी जगंना दादा,” ती म्हणाली, आणि टोळीत पहिल्यांदा कुणीतरी हसलं. “वाढवते मी. पर दोन वाढवावे लागतेत.”

“दोन कशाला?”

“पयला देवाचा असतोय.”

हरिओमने लांब श्वास सोडला. “मग पहिल्या दिवसापासून लाग. दुसरं कोकरू चारायला मी येतो.”