मामाजी भाताचं पाणी ओततात

धानावर माझ्या मामाजींइतकं प्रेम करणारा माणूस सिहोऱ्यापासून बपेऱ्यापर्यंत कुठल्याच बांधावर सापडणार नाही. हे मी त्यांची सून म्हणून नव्हे, तर त्या प्रेमाची अर्धी शिक्षा भोगलेली बाई म्हणून सांगते. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजी म्हणतात. मला पाहायला आले तेव्हा माझं बी.एड. झाल्याचं त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "भाताले पाणी किती ठेवते?" मी गोंधळून म्हटलं, "अंदाजाने." ते माझ्या होणाऱ्या नवऱ्याकडे वळून म्हणाले, "पोरगी खोटं नाही बोलत." लग्न तिथेच ठरलं. ते नागपूरला नातेवाइकांकडे गेले तरी पिशवीत घरचे तांदूळ असायचे. माझा भाऊ पुण्याहून आला आणि वजन कमी करायचंय म्हणून भात नको म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला होता. भाताचं पाणी गाळून टाकणाऱ्या घरी तर ते दुसऱ्यांदा जेवायलाच जात नसत. "धानाचा सारा जीव मोरीत ओतून राहिले हे लोकं," असं त्या घराचं नाव निघालं की म्हणायचे. आणि जिभेचा अभिमान तर विचारूच नका. एक घास खाऊन हे कोणत्या बांधीतलं, म्हणजे शेताच्या कोणत्या तुकड्यातलं धान, ते सांगत. चूक झाली तर बांधीने जागा बदलली असणार, अशी आमच्या सासूबाईंची समजूत होती.

माझी लेक जेवायला लागली तेव्हा साहजिकच सकाळ-संध्याकाळ तिच्या वाटीत मऊ भात आणि भाताची पेजच असायची. तुमसरच्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, "दुसरं काहीच देत नाही?" मग त्यांनी समजावून सांगितलं. जमिनीत आणि जमिनीखालच्या पाण्यात काही ठिकाणी आर्सेनिक असतं. धान पाण्यात उभं राहतं, त्यामुळे त्याची मुळं ते इतर पिकांपेक्षा जास्त ओढून घेतात. थोडंथोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर कातडीचे, हृदयाचे आजार होऊ शकतात, कॅन्सरसुद्धा. तान्ह्या मुलांना तर अधिक जपायला हवं. भात बंद करू नका, पण नुसत्या भातावर ठेवू नका. ज्वारी द्या, वरण द्या. आणि भात भरपूर चांगल्या पाण्यात शिजवून वरचं पाणी ओतून द्या.

घरी आल्यावर मी हे सांगितलं आणि मामाजी ताटावरून उठले.

"माह्या धानात जहर? कोन म्हणते?"

दुसऱ्या दिवशी ते तांदळाची पुरचुंडी घेऊन दवाखान्यात भांडायला गेले. मला मध्ये बसवलं, साक्षीदार म्हणून. बाई शांतपणे म्हणाल्या, "काका, तुमच्या धानात आहे असं मी म्हटलंच नाही. तपासल्याशिवाय ते कोणालाच कळत नाही. ते डोळ्याला दिसत नाही, जिभेला लागत नाही."

"जिभेले नाही लागत?" मामाजींनी विचारलं. बाहेर येऊन चप्पल घालताना पुन्हा मला विचारलं, "खरंच नाही लागत?"

त्यानंतर त्यांनी जे केलं त्याने अर्धं गाव त्यांच्यावर रुसलं. स्वतःचे तांदूळ आणि बोअरचं पाणी घेऊन ते तपासायला नागपूरला गेले. जाताना बसमध्ये पाण्याची बाटली त्यांनी मांडीवर अशी धरली होती की शेजारच्या बाईने बाळ समजून सरकून जागा दिली. परत आल्यावर चौकात लोक त्यांना अडवू लागले. "काकाजी, काहून असं करून राहिले? व्यापाऱ्याच्या कानावर गेलं त आपल्या धानाले कोन विचारन?" मामाजी म्हणाले, "नात माही आहे. व्यापाऱ्याची नाही." आणि पुढे चालू लागले. ज्या माणसाने आयुष्यभर या धानाची नुसती स्तुती केली, त्याने त्याच धानाबद्दल शंका विचारायची, हे किती अवघड असेल, ते मला त्यांच्या वाकलेल्या पाठीवरून कळत होतं. त्या दिवशी मला त्यांचा जो अभिमान वाटला, तो आजही तसाच आहे.

तांदूळ ठीक निघाले, पाणीही. गाव खूश झालं आणि आता मामाजी पहिल्यासारखे होतील असं सगळ्यांना वाटलं. पण ते म्हणाले, "एका बांधीचं कळलं. पोरगी का एकाच बांधीचं खाणार आहे जनमभर?" ज्यांनी कधी चुलीपाशी पाय ठेवला नव्हता ते मामाजी आता स्वतः भाताच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, मापाबाहेर पाणी ठेवू लागले, ओतू लागले. नातीसाठी ज्वारीची आंबील ढवळू लागले. पुतण्याच्या लग्नात तर त्यांनी आचाऱ्याच्या हातातला झारा घेतला. "पाणी वाढव अन् ओतून दे." आचारी म्हणाला, "काकाजी, तुम्ही वऱ्हाडी आहात, मांडवात बसा." दोघांची अशी जुंपली की नवरदेवाला मध्यस्थीसाठी बोहल्यावरून उतरावं लागलं. शेवटी पाणी ओतलंच. भात मोकळा झाला म्हणून पाहुण्यांनी आचाऱ्याचं कौतुक केलं. मामाजींनी एक घास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "चव गेली नं, सूनबाई." पण पानातलं शीतही त्यांनी टाकलं नाही.

मागच्या महिन्यात ते तापातून उठले. तोंडाला चव नव्हती. मी काही न सांगता त्यांच्यापुरता जुन्या पद्धतीने, बेताच्या पाण्यात भात केला. पहिल्याच घासाला ते थांबले आणि डोळे मिटून बराच वेळ तो घोळवत राहिले. मग एकदम डोळे उघडून विचारलं, "पोरीचा वेगळा शिजवला नं?"

"हो मामाजी."

"पाणी ओतलं?"

"ओतलं."

ते क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग ताट पुढे सरकवून म्हणाले, "मंग वाढ अजून."